खंडेनवमीची टाकी

दसऱ्याच्या सकाळी इंदुमती खोत यांनी मोठ्या टाकीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, तेव्हा आतून आवाज आला तो ‘बद्द’ असा.

पाण्याने भरलेली टाकी असं बोलत नाही. इंदूताईंनी जरा खाली वाकून पुन्हा वाजवलं, मग टाचा उंचावून वर वाजवलं. सगळीकडे बद्द. पहाटेच घरचे घट उठवून त्या आल्या होत्या आणि हळदीकुंकवाची बोटं अजून पुरती धुतलेली नव्हती. त्या शिडीने वर चढल्या, झाकण सरकवलं आणि आत डोकावल्या. काल गढूळ ताकासारखं दिसणारं पाणी आज पांढरंशुभ्र आणि निश्चल होतं. त्यांनी बोट टेकवलं. पाट्यावर टेकवावं तसं ते टेकलं. मधोमध उभ्या असलेल्या घुसळणीच्या दांड्याला काल घातलेला झेंडूचा हार तसाच होता, फक्त त्याची खालची चार फुलं त्या पांढऱ्यात अर्धी रुतून बसली होती.

“मंगेश,” त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज कारखान्यात कुणी कधी चढलेला ऐकला नव्हता. आजही तो चढला नाही.

मंगेश धुमे म्हणजे यंत्रविभागाचा प्रमुख. नवा सदरा, कानाला आपट्याचं पान, असा तो हसत शिडी चढून आला आणि आत पाहून त्याचं हसू जागीच थांबलं.

“ताई, पाणी कुठे गेलं?”

“पाणी इथेच आहे रे. त्याचा दगड झालाय.”

‘सांधा जैवलेप’ हा कारखाना कोकणातल्या एका खाडीच्या काठावर उभा होता. समुद्राची पातळी चढायला लागल्यापासून खाडीकाठच्या भातशेतीचा सगळा भरवसा खारबंधाऱ्यांवर होता, आणि बंधाऱ्यांना पडणाऱ्या भेगा बुजवता बुजवता गावं थकली होती. डॉ. नचिकेत उकिडवे या जीवशास्त्रज्ञाने एक जिवाणू घडवला. भेगेत शिरायचं, तिथे आपल्या अंगातून चुना काढायचा आणि भेग सांधून टाकायची, एवढंच त्याचं काम. इंदूताईंचा तेव्हा कोकम आगळाचा छोटा उद्योग होता. त्यांनी आपली शेड दिली, आगळाच्या रुंद पराती दिल्या आणि जिवाणूला नावही दिलं : सांधकरी. पहिली पाच वर्षं सगळी मिळून नऊ माणसं होती. मागल्या पावसाळ्यात किनाऱ्यावरचे कितीतरी बंधारे फुटले, पण सांध्याने लिंपलेला एकही फुटला नाही. झालं. वर्षभरात नवाची एकशेवीस माणसं झाली, परातींच्या जागी तिमजली टाकी आली, पुण्याहून विस्तारप्रमुख म्हणून शलाका नगरकर आली आणि तिच्याबरोबर रोज आठाची बैठक आली.

इंदूताईंचा एक नेम होता. स्नान करून तुळशीला पाणी घातलं की मूळ सांधकऱ्यांची परात स्वतःच्या हाताने ढवळायची, एक स्तोत्र म्हणून होईपर्यंत. आठाची बैठक आल्यापासून नेम मोडला नव्हता, पण आखडला होता. आता स्तोत्राचे पहिले दोन श्लोक होत, उरलेलं त्या बैठकीत मनात म्हणत.

अर्ध्या तासात नचिकेत आणि शलाका टाकीपाशी आले. नचिकेत आदल्या दिवशी खारशेत गावच्या बंधाऱ्याची पाहणी करायला गेला होता. त्याने टाकीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “नऊ दिवस उपास केलेत, देवीने तीन मजली चुना दिला. पावली म्हणायची.”

“नचिकेत, चेष्टा नंतर,” इंदूताई म्हणाल्या. “कोजागिरीला किती दिवस राहिले?”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. दसऱ्यापासून पाचव्या दिवशी कोजागिरी, आणि त्या दिवशी भर दुपारी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. खारशेतचा बंधारा गणपतीनंतर तडकायला लागला होता. मागे सगळ्या गावाचं भात पिकून कापणीला आलेलं उभं होतं. खारं पाणी आत शिरलं तर या वर्षीचं भात जाणारच, पण जमिनीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची तीन-चार वर्षंही जाणार. त्या गावच्या देवळात नारळ ठेवून इंदूताईंनी शब्द दिला होता : कोजागिरीच्या आत बंधारा सांधून देईन. त्या टाकीतला माल त्यासाठीच होता.

“मला एक कळत नाही,” शलाका म्हणाली. “यंत्रं बंद राहणार हे ठरलेलं होतं. खंडेनवमीची पूजा, मॅडमनीच सांगितलं होतं. एक दिवस घुसळणी थांबली तर एवढं काय झालं?”

नचिकेत टाकीच्या कट्ट्यावर बसला. शिकवायची वेळ आली की त्याची चेष्टा आपोआप बंद होई.

“सांधकरी आंधळा आहे, बहिरा आहे. आपल्याभोवती आपले किती भाऊबंद आहेत हे त्याला कळायचं कसं? तर प्रत्येक जण अंगातून एक बारीक रेणू सोडत असतो. हाकरेणू म्हणू. शेजारी फोडणी पडली की वासावरून आपल्याला कळतं ना, आज यांच्याकडे पाहुणे आहेत म्हणून? तसंच. हाकेचा वास विरळ असला तर सांधकरी समजतो, आपण चारच आहोत, गप्प बसा. वास दाट झाला की त्याला वाटतं, आता मंडळी जमली, काढा चुना. हे समूहभान.”

“मग भेगेतच का काढतो? उघड्या पाण्यात का नाही?”

“कारण हाकरेणू उडून जाणारा आहे. उघड्या, हलत्या पाण्यातून तो हवेत निघून जातो. अरुंद भेगेत मात्र तो अडकतो, साचतो. म्हणून थोडे सांधकरी भेगेत शिरले तरी त्यांना वाटतं आपण खूप आहोत, आणि नेमक्या हव्या त्या जागी काम सुरू होतं. परातीत पाणी बोटभर, ते हाताने ढवळलं तरी हाक उडून जाते. या टाकीच्या तळातली हाक वर आणायला घुसळणीच लागते. ती थांबली. हाक साचली. सगळ्यांना एकदम वाटलं, जमलो बुवा आपण. आणि लागले कामाला.”

“दरवर्षी परातींचं यंत्रही थांबायचं की,” मंगेश कळवळून म्हणाला. “पण तेव्हा आपण नऊ जण आळीपाळीने पराती ढवळायचो. ताई म्हणायच्या, यंत्राला विश्रांती द्या, पण जिवाला उपास घडवू नका.”

“मग काल पाळी कुणाची होती?” इंदूताईंनी विचारलं.

मंगेशला वाटलं होतं, प्रयोगशाळेची. प्रयोगशाळेला वाटलं, रात्रपाळीची. रात्रपाळीला वाटलं, पूजेच्या दिवशी यंत्रविभागच सगळं पाहतो. शलाकाला तर असं काही ढवळायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. नऊ जणांत ते सांगावं लागत नसे. आणि इतक्या खोल टाकीत हात पोचणार कुणाचा, हा विचार यंत्र बंद करायला सांगताना खुद्द इंदूताईंच्याही मनात आला नव्हता.

त्यांनी टाकीवर पुन्हा एकदा टकटक केलं. मग हसल्या.

“बघा कशी गंमत आहे. त्यांना वाटलं आपण पुष्कळ आहोत, म्हणून सगळे कामाला लागले. आपल्याला वाटलं आपण पुष्कळ आहोत, म्हणून एकही लागला नाही.”

“आता पुढे?” शलाकाने विचारलं. “खारशेतला कळवू या का? आगाऊ कळवलेलं बरं दिसेल.”

“कळवायचं आहेच. पण ‘जमत नाही’ असं नाही कळवायचं. मूळ परात जिवंत आहे ना?”

मूळ परात जिवंत होती. दोन श्लोकांची का होईना, रोज ती ढवळली जात होती.

“मग माळ्यावरच्या पराती काढा.”

दुपारपर्यंत कारखान्याचं रूप पालटलं. आगळाच्या पराती पुरेनात, तेव्हा देवळातून महाप्रसादाच्या आल्या. परातींचं काम पूर्वीपासून पाहणाऱ्या सायरा मुकादम आपल्या मोहल्ल्यातून जमातीचे मोठे थाळ टेम्पोत घालून घेऊन आल्या. “लग्नाला जातायत काय विचारत होते लोक,” त्या उतरता उतरता म्हणाल्या. “म्हटलं, लग्नच आहे. बंधाऱ्याचं.”

इंदूताईंनी एकशेवीस माणसांची नऊ-नऊ जणांची टोळकी पाडली. हिशेबनीस, वाहनचालक, प्रयोगशाळेतल्या मुली, फाटकावरचे शिपाई, सगळे मिसळून टाकले. प्रत्येक टोळक्याला शेडचा एक कोपरा, आणि पाळ्या त्यांच्या त्यांनी ठरवायच्या. शलाकाने सुंदर तक्ता करून आणला होता, तो इंदूताईंनी नीट पाहिला, छान झालाय म्हणाल्या आणि बाजूला ठेवला.

“नऊ माणसांना तक्ता लागत नाही, शलाका. आपल्यातलं कोण जेवायला गेलंय ते त्यांना दिसतं.”

“मग मी काय करू, मॅडम?”

“तू ढवळ.”

पहिल्या दिवशी शलाकाने परातीतलं निम्मं पाणी पायावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की शेजारी ढवळणारे हिशेबनीस खाजगीत उत्तम नकला करतात आणि त्यांच्या नकलांत ती स्वतःही आहे. आठाच्या बैठकीची आठवण कुणालाच आली नाही. इंदूताई पुन्हा आपल्या परातीपाशी बसून स्तोत्र शेवटपर्यंत म्हणू लागल्या.

एकच गोष्ट जमत नव्हती. नचिकेत दर संध्याकाळी परातींमधून फिरे, आणि परत येताना त्याचा चेहरा उतरलेला असे.

“इंदूताई, सगळं सुरळीत चाललं तरी कोजागिरीपर्यंत लागेल त्याचा पाचवा हिस्सा होईल. एवढ्या भेगांना तो पुरणार नाही. विरळ पडेल आणि गप्प बसेल.”

“होऊ दे तेवढा तरी.”

“पाचव्या हिश्शाने बंधाऱ्याचा पाचवा हिस्सा सांधेल. उधाणाला उरलेला पुरतो.”

इंदूताईंना ते कळत होतं. त्या दिवशी खारशेतहून बंधारा समितीच्या दत्ताराम पाटलांचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं खरं सांगितलं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, कापणीला माणसं नाहीत, नाहीतर कापूनच घेतलं असतं. तुम्ही करा तुमच्याने होईल तेवढं.” फोन ठेवल्यावर इंदूताईंनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा परातीला हात लावला.

इकडे मंगेशला कोपऱ्यातलं ढवळणं गोड लागेना. टाकी आपल्या हातून गेली हे त्याच्या मनातून जाईना. तो छिन्नी-हातोडा घेऊन टाकीत उतरला आणि दगड फोडत बसला. टाकी रिकामी झाली तर निदान पुढच्या कामाला येईल, एवढंच त्याचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सायराभाभींच्या टोळक्याचे चार थाळ घट्ट झाले.

“ढवळलं नसशील तू,” मंगेश टाकीच्या काठावर बसून म्हणाला. त्याच्या भुवयांवर चुना बसला होता.

“मी नाय ढवळलं? अरे, तू जन्मायच्या आधीपासून मी परात फिरवत्येय. तू तीन मजले घट्ट केलेस आणि मला चार थाळांचं सांगतोस?”

“भाभी, ते देवाच्या नावाने झालं.”

“तर तर. देवाने सांगितलं होतं काय, बटण दाबून घरी झोप म्हणून?”

आजूबाजूचे हसले. इंदूताई हसल्या नाहीत. सायरा रमजानचा एकही रोजा न चुकवणारी बाई, ती पाळी चुकवणार नाही, हे त्यांना आपल्या नेमाइतकं पक्कं ठाऊक होतं. मग ढवळलेल्या पाण्याचा दगड झाला कसा?

त्या थाळांपाशी उकिडव्या बसल्या. घट्ट झालेले चारही थाळ टाकीच्या अगदी कडेला होते. पलीकडच्या रांगेतला थाळ साईच्या दह्यासारखा अर्धवट धरला होता. त्याच्याही पलीकडचे पातळ होते, आणि भिंतीआडच्या परातींना तर काहीच झालेलं नव्हतं. त्यांनी घट्ट थाळाच्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

“मंगेश, हे तुझं आहे का रे?”

“असेल. छिन्नी मारली की धुरळा उडतो.”

“नचिकेतला बोलव.”

नचिकेतने ती भुकटी चिमटीत धरली आणि उजेडात पाहिली. मग त्याने दोन वाट्या मागवल्या. दोन्हींत परातीतलं पाणी घातलं आणि त्यात चौपट साधं पाणी ओतून ते अगदी विरळ केलं. एका वाटीत चिमूटभर भुकटी टाकली, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींपाशी एकेक माणूस ढवळायला बसवला.

जेवणं आटोपेपर्यंत भुकटीच्या वाटीतला चमचा उभा राहिला होता. दुसऱ्या वाटीत पाणीच होतं.

“सांधकरी चुना काढतो तेव्हा आजूबाजूची हाकसुद्धा त्या चुन्यात कोंडली जाते,” नचिकेत म्हणाला. “बुजलेली भेग फोडून आजवर आपण पाहिलीच नव्हती, म्हणून कळलं नाही. ही टाकी म्हणजे नुसता दगड नाही. तीन मजली गर्दीची हाक आहे आत, गोठलेली. मंगेशने छिन्नी मारली आणि ती सुटली. थाळात सांधकरी मोजकेच होते, पण भुकटीतली हाक ऐकून त्यांना वाटलं आपण अगणित आहोत.”

शलाका हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. “म्हणजे भेगांमध्ये आधी ही भुकटी भरली तर…”

“तर पाचवा हिस्सा सांधकरी पुरतील. विरळ पडले तरी गप्प बसणार नाहीत.”

इंदूताईंनी टाकीला हात जोडले. मग मंगेशकडे वळल्या.

“फोडतोयस ते थांबवू नकोस. फक्त आता खाली चादरी अंथर. आणि थाळ लांब न्या रे कुणीतरी.”

“कुणीतरी म्हणजे कोण?” तीन टोळक्यांनी एकदम विचारलं आणि तिन्ही टोळकी उठली.

पुढचे दोन दिवस खाडीतून होड्यांच्या खेपा चालल्या. खारशेतची माणसं ओंजळीने भेगांत भुकटी भरत पुढे जात, मागून सांध्याची माणसं परातीतलं पाणी सोडत येत. शलाका गुडघाभर चिखलात होती. दत्ताराम पाटील प्रत्येक भेगेपाशी वाकून विचारत, “एवढंसं पुरेल?” आणि नचिकेत प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगे, “त्यांना वाटतंय ना पुरेल, मग पुरेल.”

कोजागिरीला दुपारी उधाण आलं. खाडी फुगली, कांदळवनाची झाडं गळ्यापर्यंत बुडाली आणि पाणी बंधाऱ्याच्या माथ्याला वीतभर उरेल इतकं चढलं. सगळं गाव आतल्या बाजूला, बंधाऱ्याच्या पायथ्याशी डोळे लावून उभं होतं. इंदूताईंचे ओठ हलत होते. आतल्या मातीवर ओल येते का ते पाहायला सायराभाभी चप्पल काढून अनवाणी फिरत होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“माझ्या घरची जमीन याहून ओली असते,” त्या म्हणाल्या.

पाणी ओसरू लागलं तेव्हा पाटलांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि एवढंच म्हणाले, “संध्याकाळी दूध प्यायल्याशिवाय कुणी जायचं नाही.”

दूध पिता पिता शलाका इंदूताईंच्या शेजारी येऊन बसली. आणखी पाच तिमजली टाक्यांचा आराखडा तिने महिन्याभरापूर्वी केला होता.

“ताई, त्या टाक्या आता नकोत ना?”

ती पहिल्यांदाच ताई म्हणाली होती. इंदूताईंनी ते ऐकलं आणि ऐकलं असं दाखवलं नाही.

“तुला काय वाटतं?”

“पाचवा हिस्सा पुरत असेल, तर तो गावोगाव परातींत होईल. नऊ-नऊ माणसांत. इथून फक्त भुकटी पाठवायची. विस्तारप्रमुख म्हणून आले आणि कारखाना छोटा करायला निघाल्येय, पुण्याला काय सांगू कळत नाही.”

“वाढलाच आहे की. फक्त एका जागी नाही वाढला.”

पुढल्या दसऱ्यापर्यंत किनाऱ्यावरच्या चौदा गावांत सांध्याची शेड झाली होती. प्रत्येकीत नऊ माणसं, रुंद पराती आणि भांडायला एक सायराभाभी, म्हणजे ज्या त्या गावची. मूळ कारखान्यात एकच टाकी राहिली होती, आणि जुनी भुकटी संपत आली म्हणून ती सांधकऱ्यांच्या पाण्याने पुन्हा भरली होती.

खंडेनवमीला पूजा झाली. मंगेशने घुसळणीला हार घातला, पण कळीवर ठेवलेला हात काही खाली जाईना.

“ताई, बंद करू? नक्की?”

“पराती कोण ढवळतंय?”

मंगेशने नऊ नावं सांगितली. शेवटचं नाव इंदूताईंचंच होतं.

“मग कर बंद. आज तिला विश्रांती द्यायचीच आहे.”

दसऱ्याच्या सकाळी इंदूताई स्तोत्र पुरं करून टाकीपाशी आल्या. चौदा गावांची माणसं हातात आपट्याची पानं घेऊन दारात उभी होती. मंगेश, नचिकेत, शलाका, कुणीही पुढे झालं नाही. इंदूताईंनी पदराला हात पुसला आणि बोटांच्या पेरांनी टाकीवर टकटक केलं.

आतून आवाज आला, ‘बद्द’.

“सोनं घ्या,” त्या वळून म्हणाल्या. मंगेशने छिन्नी उचलली.